उपचार मोफत, मग घर का मोडलं?

"योजनेत बसलंय म्हणता ना तुम्ही? मग मी व्याजानं पैसे कशापायी काढतोय?"

मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या जिन्यात एका बापानं आम्हाला हा प्रश्न विचारला. माणूस बीड जिल्ह्यातला. नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला जाणारे. सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं आम्हीच धावपळ करून जमवली होती. रेशनकार्ड, आधार, नावातली चूक दुरुस्त करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, सगळं केलं. मंजुरी आली त्या दिवशी आम्ही खूश होतो. कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर मेसेजही टाकला, "काम फत्ते, जय भीम."

चार महिन्यांनी हा बाप जिन्यात भेटला. खिशातून त्यानं एक शाळेची वही काढली, चौकटीची, मुलीचीच. पहिल्या दोन पानांवर तिनं गिरवलेले आकडे होते. तिसऱ्या पानापासून बापाचा हिशेब सुरू होत होता. "दादा, तुम्ही शिकलेले. तुम्हीच बघा कुठं चुकतंय."

आम्ही ती वही दोनदा वाचली. हिशेब कुठंही चुकत नव्हता. चूक आमच्या "काम फत्ते"मध्ये होती. योजना रुग्णालयाचं बिल भरते, आजाराचं बिल भरत नाही. आणि आजाराचं बिल रुग्णालयाच्या काउंटरवर फाडलंच जात नाही. ते गावात, मुकादमाकडं, सावकाराकडं, शाळा सोडलेल्या भावाच्या नावावर फाडलं जातं. हा लेख त्या दुसऱ्या बिलाबद्दल आहे.

आधी आजार समजून घेऊ

लहान मुलांच्या कॅन्सरबद्दल आपल्या वस्त्यांत दोनच समज आहेत. एक, हा आजार म्हणजे मरण. दोन, आईबापाचं काहीतरी चुकलं. दोन्ही खोटे आहेत.

मुलांचा कॅन्सर तंबाखू, दारू, खाण्यापिण्यानं होत नाही. तो संसर्गजन्य नाही. बहुतेक मुलांत तो आईबापाकडून वारशानंही आलेला नसतो. आणि महत्त्वाचं म्हणजे तो बरा होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. पेशी तीच, औषधंही बरीचशी तीच आणि जुनी. मग फरक कुठं पडतो? उशिरा निदान, औषधांची टंचाई, आणि उपचार मध्येच सुटणं, या ठिकाणी पडतो. २०१८ मध्ये या संघटनेनं जगापुढं एक उद्दिष्ट ठेवलं, २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुलं वाचली पाहिजेत. भारतात दरवर्षी अंदाजे पन्नास हजार मुलांना कॅन्सर होतो. त्यांतली किती मुलं वाचणार, हे नुसतं डॉक्टरांवर ठरत नाही.

मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, ल्युकेमिया. त्यातल्या नेहमीच्या प्रकाराचे उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. पहिले काही महिने फार कडक असतात. केमोनं शरीरातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, मुलाची प्रतिकारशक्ती जवळजवळ संपते. अशा वेळी साधा ताप आला तरी काही तासांत रुग्णालय गाठावं लागतं, नाहीतर मूल हाताचं जातं. म्हणजे पहिले महिने गाव सोडून रुग्णालयाजवळ राहणं हा डॉक्टरांचा आग्रह नसतो, ती जगण्याची अट असते. त्यानंतर दीड-दोन वर्षं गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, पाठीच्या कण्यातून इंजेक्शन, आणि ठरलेल्या तारखांच्या फेऱ्या.

आता सांगा, अडीच वर्षं एका मजुरी करणाऱ्या घरातलं एक माणूस, बहुतेकदा आई, पूर्णवेळ या कामाला लागलं तर त्या घराचं काय होतं?

वहीतला हिशेब

वहीच्या तिसऱ्या पानावर पहिली ओळ होती, "उचल १ लाख." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो, ती अंगावर फेडायची असते. मुलीचा ताप दिवाळीच्या आधीच सुरू झाला होता. गावातल्या डॉक्टरनं टायफॉइड म्हणून सलाईन लावलं. पंधरा दिवसांनी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पायावर निळे डाग उठले. बीड, मग छत्रपती संभाजीनगर, मग मुंबई. तोवर टोळी कारखान्यावर पोचली होती. उचल खर्च झाली होती आणि कोयता मात्र गेला नव्हता. मुकादम दारात आला तेव्हा घरात फक्त म्हातारी होती. तिनं दोन शेळ्या सोडून दिल्या. वहीत लिहिलंय, "शेळ्या २, मुकादम, बाकी आहेच."

पुढच्या पानांवर बारीक आकडे आहेत. योजनेच्या पॅकेजमध्ये न बसलेली एक तपासणी बाहेरून. टॅक्सी, कारण पेशी खाली असलेल्या लेकराला लोकलच्या गर्दीत न्यायचं नाही. उकळलेलं पाणी आणि ताजं शिजवलेलं अन्न, त्यासाठी स्टो आणि रॉकेल, नंतर छोटा सिलिंडर. मास्क. मोबाईलचा रिचार्ज. प्लेटलेट द्यायला आलेल्या पोरांचा चहा-नाश्ता आणि जाण्यायेण्याचे पैसे. म्हातारीच्या औषधाचे गावी पाठवलेले पैसे. बायकोच्या नावावरच्या मायक्रोफायनान्स कर्जाचा आठवड्याचा हप्ता, दर मंगळवारी, न चुकता.

आणि एक मोठी रक्कम या वहीत लिहिलेलीच नाही. बुडालेली मजुरी. आम्ही विचारलं, "ही का नाही मांडली?" तो म्हणाला, "जी आलीच नाही ती कशी मांडायची?"

इथंच सरकारचा आणि त्या बापाचा हिशेब एकसारखा चुकतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के वाटा लोक स्वतःच्या खिशातून भरत होते, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. हा आकडा सरकार अभिमानानं सांगतं. सांगू दे. पण बुडालेली मजुरी, विकलेली शेळी, मुकादमाची बाकी यांतलं काहीही त्या आकड्यात नाही.

जन आरोग्य योजनेला आम्ही नावं ठेवत नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी यांच्या नावानं ती सुरू झाली, २०१७ मध्ये तिला जोतीरावांचं नाव मिळालं, दीड लाखाचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत गेलं आहे. या योजनेमुळं वाचलेली मुलं आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. पण जोतीरावांचं नाव घेतलं की प्रश्नही जोतीरावांसारखा विचारावा लागतो. शेतकऱ्याच्या घरातून पैसा नेमका कुठल्या वाटेनं बाहेर जातो, हे ते एकेक वाट दाखवून सांगायचे. आपण फक्त काउंटरची वाट बंद केली, बाकीच्या उघड्याच आहेत.

"कॅन्सर जात बघत नाही"

हे वाक्य आम्हाला प्रत्येक कार्यक्रमात ऐकवलं जातं. बरोबर आहे. पेशी जात बघत नाही. पण पेशीनंतरचं सगळं जात बघूनच चालतं.

एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी दोन मुलं होती. दोघांचेही बाप गरीब म्हणावेत असेच. एकाकडं चार एकर कोरडवाहू जमीन, मेहुणा मुंबईत पोलीस वसाहतीत राहणारा, चुलतभाऊ पंचायत समितीत. दुसरा भूमिहीन. त्याचेही नातेवाईक मुंबईत होते, पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण. पहिल्यानं जमीन गहाण टाकून बँकेचं कर्ज काढलं. दुसऱ्याकडं गहाण टाकायला स्वतःचे हात होते, त्यानं पुढच्या हंगामाची उचल घेतली. पहिल्याच्या घरी पोलीस वसाहतीतून डबा यायचा. दुसरा फुटपाथवर झोपायचा. परळच्या फुटपाथवर देशभरातून आलेल्या कॅन्सर रुग्णांची कुटुंबं प्लास्टिकच्या कागदाखाली राहतात हे मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. त्या कागदाखाली कोण आहे, त्याच्या नावावर जमीन आहे का, शहरात त्याचं कुणी आहे का, हे विचारत बसा. उत्तरांत जात आपोआप येते. जमीन, ओळख आणि शहरातलं छप्पर या तिन्ही गोष्टी या देशात जातीनं वाटल्या गेल्या आहेत.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या खोलीत घडते. आमच्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही. डॉक्टर दोन मिनिटं बोलतात, तो मान डोलावतो, बाहेर येऊन आम्हाला विचारतो, "काय म्हणले?" याला अडाणीपणा म्हणू नका. साहेबासमोर तोंड उघडायचं नाही हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं आहे. त्या गप्प बसण्यात कधी गोळीचा डोस चुकतो, कधी तारीख.

आणि मुलगी असेल तर? भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांची संख्या मुलींपेक्षा बरीच जास्त दिसते, नुसत्या जीवशास्त्रानं समजावून सांगता येणार नाही इतकी जास्त. म्हणजे काही मुली रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत. त्यात आपल्या वस्त्यांतल्या मुलीही आहेत. बाहेरच्यांना दोष देऊन ही गोष्ट सुटणार नाही. आमच्या त्या बापाला गावातल्या भावकीनं सांगितलं होतं, "पोरगीच हाय, एवढं कशाला?" त्यानं ऐकलं नाही. असं न ऐकणारे बाप किती आहेत?

मनाचा हिशेब कुठल्या वहीत?

त्या मुलीची आई आमच्याशी तीन महिने जेमतेम दहा वाक्यं बोलली. मुलीचे केस गेले तेव्हा तिनं स्वतःची वेणी घालणं सोडलं. रिपोर्ट येणार त्या दिवशी ती जेवत नसे. सासूनं फोनवर विचारलं होतं, "गरोदरपणी गिरणात काय कापलंस?" शेजारणीनं विचारलं, "कुठल्या जन्माचं पाप?" गावाकडून आलेल्या कुणीतरी अंगारा पाठवला. एका बाबाकडं पंधरा हजार जाऊन आले, ते वहीत "किरकोळ" म्हणून लिहिले आहेत.

हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, कारण ते घर आपलं आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात नाकारला. का नाकारला? कारण तो सिद्धांत पीडिताला सांगतो की तुझ्या दुःखाला तूच जबाबदार, आणि समाजाला मोकळं सोडतो. कॅन्सर झालेल्या लेकराच्या आईला "पाप" विचारणं म्हणजे नेमकं हेच. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हा प्रश्न विचारला जातो तेव्हा आपलं धर्मांतर अजून स्वयंपाकघरापर्यंत पोचलेलं नाही, असं म्हणावं लागतं.

दुसरी एक चूक आपण चांगल्या मनानं करतो. अशा आईला किसा गोतमीची गोष्ट सांगतो. मृत्यू न झालेल्या घरातून मोहरी आण, ही ती गोष्ट. पण लक्षात घ्या, भगवान बुद्धांनी ती वाट दाखवली तेव्हा किसा गोतमीचं मूल गेलेलं होतं. जिचं मूल अजून वाचू शकतं तिला अनित्यतेचा उपदेश करणं हा धम्म नाही, घाई आहे. तिच्यासाठी दुसरी कथा आहे. अतिसारानं आजारी पडून स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी धुतलं, उचलून अंथरुणावर ठेवलं, आणि मग संघाला सुनावलं की तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार. आधी पाणी आणलं, उपदेश नंतर.

आणि बाप? बापाला रडायची परवानगीच नाही. तो जिन्यात उभा राहतो, तंबाखू मळतो, पैशाचं बोलतो. पैशाचं बोलणं हीच त्याची रडण्याची भाषा आहे. आपण चळवळीत बाबासाहेबांच्या लेकरांची गोष्ट नेहमी सांगतो. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न, चार लेकरं बाबासाहेबांनी आणि माता रमाईंनी गमावली. १९२६ मध्ये राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेब पस्तीस वर्षांचे होते. पण आपण ही गोष्ट फक्त त्याग म्हणून सांगतो. एका बापाचं, एका आईचं दुःख म्हणून कधी सांगतो का? तशी सांगितली असती तर आज जिन्यात उभ्या असलेल्या बापाच्या खांद्यावर हात ठेवायला आपल्याला सुचलं असतं. "धीर धर, मर्द आहेस" एवढंच सुचलं नसतं.

या कुटुंबात आणखी एक मूल असतं, ज्याच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं. आजारी मुलाचं भावंडं. आमच्या या घरात नऊ वर्षांचा भाऊ होता. म्हातारीजवळ गावी राहिला. जूनमध्ये शाळेत गेला नाही, कारण दप्तर घ्यायला कुणी नव्हतं आणि म्हातारीला पाणी भरायला कुणीतरी हवं होतं. त्याचं नाव कुठल्याच अर्जात नाही.

सातशे तीस दिवस

आता मुद्द्यावर येऊ. हे सगळं नशिबावर सोडायचं नसेल तर मागायचं काय?

केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी, आजारपणासाठी, संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची पगारी रजा मिळते. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. एकल पुरुष पालकालाही मिळते. महाराष्ट्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना १८० दिवस देतं. ही रजा योग्यच आहे, आम्ही तिच्या विरोधात नाही. उलट तिनं एक तत्त्व मान्य केलं आहे. आजारी मुलाजवळ बसणं हेही काम आहे, आणि त्या काळात घर चालायला हवं.

७३० दिवस म्हणजे बरोबर दोन वर्षं. ल्युकेमियाच्या उपचाराचा काळही जवळपास तेवढाच. मग हे तत्त्व कार्यालयाच्या दारापाशीच का थांबतं? मंत्रालयातल्या आईचं मूल आणि फडातल्या आईचं मूल, दोघांच्या पेशी तर सारख्याच आहेत.

असंघटित मजुराला आज काय मिळतं ते बघा. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. त्याचा पाया असलेला अडारकर अहवाल १९४४ मध्ये आला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं. आजारपणात मजुरी बुडाली तर तिची भरपाई हा मजुराचा हक्क आहे, हा विचार त्या काळातला. आज या कायद्यात कॅन्सरसारख्या दीर्घ आजारासाठी ८० टक्के मजुरी दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. पण ती विमा असलेल्या कामगाराला स्वतःच्या आजारात मिळते. मूल आजारी असेल तर मजुरी नाही. आणि ऊसतोड, नाका, घरकाम, भंगार वेचणं, यांतलं कुणीच त्या कायद्यात नाही.

राहिली संजय गांधी निराधार योजना. त्यात कॅन्सरसारखा गंभीर आजार धरला आहे, महिना १,५०० रुपये मिळतात. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१,००० रुपये. वार्षिक. म्हणजे महिन्याला १,७५०. याच देशात कर्मचारी राज्य विम्यासाठी कमी पगाराच्या कामगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे, पण महिन्याला. एकच आकडा, एका ठिकाणी महिन्याचा आणि दुसऱ्या ठिकाणी वर्षाचा. २१,००० रुपयांत वर्ष काढणारं कुटुंब महाराष्ट्रात दाखवा. दाखला काढायला खोटं लिहावं लागतं, आणि मग त्याच खोट्यावरून गरिबाला बेईमान म्हटलं जातं.

रोख मदत द्यायचीच नाही असंही सरकारचं धोरण नाही. क्षयरुग्णांना २०१८ पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये थेट खात्यात मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. म्हणजे उपचार चालू असताना रुग्णाच्या घरात पैसा गेला पाहिजे हे मान्य आहे. ते बालकर्करोगापर्यंत आणायचं आहे, आणि पोषणापुरतं न ठेवता बुडालेल्या मजुरीपर्यंत न्यायचं आहे.

लोक विचारतील, पैसा कुठून आणायचा? आम्ही उलट विचारतो, उपचार मध्येच सुटला तर आधी खर्च झालेल्या लाखांचं काय? अर्धवट केमो म्हणजे वाया गेलेले पैसे आणि गेलेलं मूल. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागानं २०१० पासून इम्पॅक्ट फाउंडेशनमार्फत पैसा, राहण्याची सोय, अन्न, समुपदेशन हे सगळं एकत्र द्यायला सुरुवात केली, आणि उपचार सोडून जाणाऱ्या मुलांचं प्रमाण खूप खाली आलं. आईबाप तेच होते, शिक्षण तेच होतं. बदललं एवढंच की त्यांना परत यायला परवडू लागलं. म्हणजे "हे लोक अडाणी, उपचार सोडून पळतात" हे म्हणणं खोटं ठरलं. माणूस पळत नाही, त्याचे पैसे संपतात.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत.

एक, कॅन्सर झालेल्या मुलाच्या एका पालकाला उपचार संपेपर्यंत किमान वेतनाइतका पालक-भत्ता, थेट खात्यात.

दोन, निराधार योजनेची २१,००० ची मर्यादा आजच्या किमतीला आणावी.

तीन, पहिले कडक महिने संपल्यावर गोळ्यांच्या काळातल्या तपासण्या आणि साधी औषधं जिल्हा रुग्णालयात मिळावीत, मोठ्या शहरातल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मुंबईची प्रत्येक फेरी वाचली तर मजुरीचे दोन-तीन दिवस वाचतात.

चार, प्रत्येक बालकर्करोग वॉर्डात मराठीतून आणि रुग्णाच्या बोलीतून समजावणारा समुपदेशक असावा, आईबापासाठी आणि भावंडांसाठीही.

पाच, उचल घेतलेल्या कामगाराच्या मुलाला असा आजार झाला तर उचल-वसुली त्या काळात थांबावी. ऊसतोड कामगारांच्या नावानं महामंडळ आहे, हे काम त्यानं करावं.

चळवळीनं काय करायचं?

"ही एनजीओची कामं आहेत, चळवळीची नाहीत," असं आमचे काही साथी म्हणतात. त्यांना एवढंच विचारतो, तळ्याचं पाणी पिणं ही तरी कुठं मोठी राजकीय गोष्ट होती? हक्क म्हणून प्यायलो तेव्हा महाड झालं. आजारी मुलाजवळ बसण्याचा हक्क मागितला तर तेही राजकारणच आहे.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत मुलं थांबत नाहीत. म्हणून उद्यापासून करता येतील अशी काही कामं.

आपण चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला रक्तदान शिबिरं घेतो. चांगलंच आहे. पण केमोवरच्या मुलाला बहुतेक वेळा प्लेटलेट लागतात, आणि प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात. एप्रिलमधल्या शिबिराचा जुलैमधल्या लेकराला उपयोग नाही. त्यापेक्षा प्रत्येक तालुक्यातल्या, शहरातल्या मंडळानं रक्तगटानुसार पन्नास तरुणांची यादी करावी, जे फोन आला की प्लेटलेट द्यायला जातील. प्लेटलेट दिल्यावर रक्तदानासारखं तीन महिने थांबावंही लागत नाही.

गाडगेबाबांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दादरच्या त्यांच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. २००६ पासून सेंट ज्यूडची केंद्रं मुलांना आणि आईबापांना मोफत ठेवून घेतात. पण जागा पुरत नाही. मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगरात आपली किती विहारं आहेत? त्यांतल्या किती विहारांचा वरचा मजला वर्षातले तीनशे दिवस कुलूपबंद असतो? स्वच्छ, हवेशीर एक खोली, एक शेगडी, उकळलेलं पाणी. एवढं केलं तर ते विहार खरं विहार होईल.

कागद माहीत करून घ्या. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानची अनुसूचित जाती-जमातींच्या रुग्णांसाठी वैद्यकीय सहाय्य योजना आहे, कॅन्सर त्यात येतो. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपरचा आणि थर्ड एसीचा प्रवास पूर्ण मोफत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत आहे. आमच्या त्या बापानं चार महिने पूर्ण तिकीट काढलं, कारण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही नाही.

आणि एक विनंती. मदतीच्या आवाहनात लेकराचा टक्कल पडलेला फोटो टाकू नका. क्यूआर कोडच्या वर एका मुलीचा चेहरा, खाली "शेअर करा." जी मुलगी उद्या बरी होऊन शाळेत जाणार आहे, तिचा तो फोटो गावभर फिरत राहतो. ज्याचं मूल जास्त गोंडस त्याला जास्त पैसे, ही पद्धत हक्काची नाही, भिकेची आहे. बाबासाहेबांनी आपल्याला भीक मागायला शिकवलेलं नाही.

शेवटी त्या वहीबद्दल

ती मुलगी आता गोळ्यांच्या टप्प्यात आहे. केस परत आले आहेत. बाप यंदा कारखान्यावर गेला, एकटाच, अर्ध्या कोयत्यावर. बायको मुलीजवळ राहिली. भावाचं नाव आम्ही शाळेत परत घातलं, तो किती दिवस टिकतो ते बघायचं. मुकादमाची बाकी अजून आहे. वही भरली, आता दुसरी सुरू आहे.

१८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या वस्तीतल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला सावित्रीमाईनं पाठीवर घेतलं आणि हडपसरला यशवंतच्या दवाखान्यात नेलं. त्याच साथीत तिचा मृत्यू झाला. आपण दरवर्षी ही गोष्ट सांगतो, टाळ्या पडतात. पण मूल पाठीवर घेणं म्हणजे काय, हे त्या गोष्टीत साधं आहे. आईबापांचे हात थकले की दुसऱ्या कुणीतरी ते ओझं घ्यायचं. आज ते ओझं सरकारनं घ्यावं म्हणून भांडायचं, आणि तोवर आपण घ्यायचं.

तुमच्या वस्तीत असं एक घर असेलच. या रविवारी विहारातून निघाल्यावर त्या घरी जा. उपदेश करू नका. वही मागा आणि हिशेब वाचा.

जय भीम.